परीटगल्लीचा दसरा

"आलं का रं कुनी?" लंकाबाईने ओट्यावरूनच विचारलं.

"न्हाई, आक्का. कुनीच न्हाई." कानिफनाथने खाकी टोपी नीट केली आणि तो गल्ली उतरू लागला.

पितृपक्ष लागल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं. कानिफनाथ ड्यूटीला निघाला की त्याची थोरली बहीण विचारायची, तो सांगायचा, आणि ती परत आत जायची. आत दाराशीच गोधड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन घ्यायचं, याला आपल्याकडे दसरा काढणं म्हणतात. प्रवरेकाठच्या या तालुक्याच्या गावात दसरा नदीवर निघायचा. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन उतरायच्या, दगडांवर गोधड्या आपटायच्या आणि वाळूत वाळत घालायच्या. कोणत्या गल्लीने कुठे पसरायचं ते ठरलेलं असे. दुपारी पैलतीरावरून पाहिलं तर गावाने आपली सगळी घरं उलगडून वाळूत मांडली आहेत असं वाटे. परटांची घरं मात्र थांबत. त्या दिवसांत त्यांच्याकडे गावाच्या सतरंज्या नि जाजमं असत. गावाचं सगळं आटोपलं की शेवटच्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या गोधड्या पाण्यात पडत. लंकाबाई हे आईकडून शिकली होती. गल्लीत आता हे पाळणारी तीच एक उरली होती.

या गावाच्या कुठल्याही जुन्या गल्लीत चेंडू सोडून द्यावा, तो घरंगळत नदीवरच जाईल. कुंभाराला पाणी लागे, परटाला लागे, रंगाऱ्याला लागे. म्हणून घरं पाण्याशी सुरू झाली आणि गाव मागे मागे चढत गेलं. बाजारसुद्धा वाळूत भरे. मग वरच्या अंगाला मोठा रस्ता आला, त्याच्यामागून एसटी स्टँड, स्टँडमागून दुकानं. गावाने झोपेत कूस बदलावी तशी कूस बदलली. नदीकडची पुढची दारं मागची दारं झाली, आणि मागच्या दाराने जे टाकतात ते सगळं नदीत पडू लागलं. वाळू ट्रकांनी गेली.

या उन्हाळ्यात नवा घाट झाला. फरशीच्या पायऱ्या, स्टीलचा कठडा, बाकं, दिवे. गटार वळवलं, वास गेला. जी माणसं नाकाला रुमाल लावून पूल ओलांडत, ती आता सकाळी मुद्दाम फिरायला येऊ लागली. घाट चांगला झाला यात शंका नव्हती. फक्त वर एक बोर्ड लागला: कपडे धुण्यास सक्त मनाई. आणि तो न वाचणाऱ्यांसाठी शिट्टी घेऊन कानिफनाथ उभा राहिला. घरोघरी मशीन आली तेव्हाच त्याचा धंदा बसला होता. घाटाची राखण घेतलेल्या ठेकेदाराला नदीवरच्या बायकांना नावाने ओळखणारा माणूस हवा होता. परटाहून जास्त त्यांना कोण ओळखणार?

आषाढात एका ओळखीच्या म्हातारीला त्याने दोन लुगडी धुऊ दिली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर भागवत वयाने लहान, पण कामाला पक्का. तो म्हणाला होता, "मामा, कॅमेऱ्यात सगळं दिसतं. परत असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

तेव्हापासून कानिफनाथने कुणालाच सोडलं नव्हतं. दसऱ्याची गाठोडी घेऊन आलेल्या पहिल्या बायकांना त्याने वरच्या पायरीवरूनच परत फिरवलं. बातमी गावभर गेली. काही जणी टेम्पो करून कालव्यावर गेल्या, काहींनी गच्चीवर बादल्या मांडल्या. आक्काला मात्र त्याने एवढंच सांगितलं की कुणी आलं नाही. गाव नदीत उतरल्याशिवाय आक्का उतरणार नाही, आणि गाव तर उतरणारच नव्हतं. चार दिवस असे निघाले की घट बसतील, मग प्रश्नच मिटला, असं त्याने मनाशी धरलं होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी तो कठड्याशी उभा होता. समोरून लंकाबाई आली. डोक्यावर गाठोडं.

"आक्का, हितं न्हाई चालत."

"व्हय? मंग कुठं चालतं? तुझ्या टोपीत?"

बाकावर दम खात बसलेले दोघे हसले.

"टेम्पो सांगतो. कालव्यावर जा."

"कालव्यावर माझं कोन हाय?"

"मंग पार्थकडं धाड. त्याच्याकडं मशीन हाय न्हवं?"

"नातू म्हनतोच की, आजी, हिकडं शहरात सावेडीला घिऊन ये. त्या मशीनीत गोधडी मावत न्हाई, अन् कोंबली तर ती जागची हालत न्हाई."

तिने गाठोडं पायरीवर उतरवलं आणि शेजारी टेकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कानिफा, काल पिंजारगल्लीची हसीना भेटली. म्हनली, तुमच्या भावानं पैल्याच दिशी समद्या बायांना माघारी धाडलं."

कानिफनाथने टोपी पुन्हा नीट केली.

"मी रोज इचारीत हुते. अन् तू रोज न्हाई म्हनत हुतास."

"न्हाईच आलं कुनी."

"त्ये बी खरंच हाय म्हना." तिने हाताने फरशी चाचपली. "माझा दगूड ह्याच्याच खाली आसंल?"

"अजून जरा खाली. पान्याशी."

"काढला न्हाई न्हवं?"

"न्हाई. वरनं सिमेट वतलं."

"मंग ऱ्हाऊ दे."

"उठ, आक्का. वर कॅमेरा हाय. ही नोकरी गेली तर या वयात मला कोन उभं करनार?"

लंकाबाईने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे मान वर करून नीट पाहिलं. कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघावं तसं.

"तुझी भाकर मी घालवायची न्हाई," ती म्हणाली. "वाजव शिट्टी."

"आक्का, उगं..."

"समद्या गावाला वाजीवली ना? मंग मला का न्हाई? मी काय गावाभायेरची हाय? वाजव. अन् तोंड तिकडं कर."

कानिफनाथने शिट्टी ओठाला लावली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली. फिरणारी माणसं थबकली, वळून बघून पुन्हा चालू लागली. आणि कानिफनाथने नदीकडे पाठ केली.

समोर जुन्या घरांची मागची दारं होती. त्यातल्या एकाला नवा निळा रंग दिला होता. तिथे चहा-कॉफीचं दुकान निघणार होतं. मागे पावलं खाली गेली. गोधडी दगडावर आपटल्याचा आवाज त्याच्या कानाला पाठ होता. तो आला नाही. घागर बुडवावी तेवढं पाणी हललं, मग थांबलं.

"हात लाव," मागून आवाज आला.

तो वळला. गाठोडं पुन्हा बांधलेलं होतं. एका गोधडीचं टोक तेवढं बाहेर लोंबत होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

"झाला दसरा," लंकाबाई म्हणाली. "बाकीचं बादलीत काढीन."

त्याने गाठोडं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. तिने ते एका हाताने सावरलं आणि ती पायऱ्या चढून गल्लीला लागली.

खिशातला फोन वाजला. भागवत होता.

"मामा, ती बाई कोण?"

"परीटगल्लीची हाय, साहेब."

"धुतलं का काही तिथं?"

"न्हाई."

"शिट्टी वाजवली ना?"

"वाजीवली."

"मग झालं." फोन बंद झाला.

ऊन पायऱ्यांवर येत होतं. पाण्यापासून वर गल्लीपर्यंत थेंबांची ओळ गेली होती. बूट घातलेली एक बाई भरभर चालत येत होती. कानिफनाथने हात आडवा धरला.

"जरा बाजूनं जा, ताई. वलं हाय."

ती बाजूने गेली. थेंब सुकेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.