शकुबाईचा फोटो

आता संगिता काही वाईट पोरगी न्हाई, हे आधी सांगतो. तांड्यावरची पोरगी, गोरेगावच्या वाचनालयात ग्रंथपाल लागलेली. येणारे समदे बाप्ये, पेपर चाळून जाणारे. त्यात दोन हजार नऊ साली ग्रंथपालांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निघालं, की ब्लॉग लिहायचा, ऑर्कुटवर जायचं, वाचक जोडायचे. संगिता तर नुसती उडूनच राहिली! लाइट असली की हेडफोन लावून बसायची, गेली की काळ्या पडद्यापुढं वाट बघत बसायची.

पुण्याचे सर म्हणाले, "मॅडम, पुस्तकांचे फोटो नकोत. माणूस दाखवा. तुमचा सगळ्यात भारी वाचक कोण?"

कोण म्हणजे? शकुबाई! संतरामची बायको. सासू गुडघ्यानं बसली तवापासून घरचा बाजार शकुबाईकडं आला, अन् बाजाराच्या दिवशी ती भाजी घेऊन झाली की गुपचूप वाचनालयात शिरायची, मागच्या बाकावर संगिताकडून अक्षरं शिकायची. घरी कुणाला पत्ता न्हाई. संतराम मारका माणूस नव्हता, पण कळलं असतं तर पुढचा बाजार त्यानंच केला असता, हे बराबर ठाऊक व्हतं दोघींना. आता तर बाई बोट ठेवून ठेवून गोष्ट वाचायला लागली व्हती.

"मावशी, फोटो काढू का? प्रशिक्षणाला पाहिजे."

"माझा? काहून, लोकायला भेव दाखवायचं का?" शकुबाई हसली. "अन् ठेवशील कुठं?"

"कॉम्प्युटरात."

"मग काढ. ते डबडं तर तू कुलपात ठेवतीस."

इथं, बरं का, इथं संगितानं सांगायचं व्हतं, की फोटो नेटवर जाणार. ओठावर आलंबी तिच्या. पण शकुबाईनं पदर सारखा केला, बोट ओळीवर ठेवलं, अन् खिडकीतला उजेड असा पडला तोंडावर, की संगितानं बटण दाबलं. म्हणली, सांगू पुढच्या बाजाराला.

फोटो ब्लॉगवर गेला. बाहेरगावी गेलेली पोरं जोडा म्हणून सर मागं लागलेले, तर ऑर्कुटवर गोरेगावच्या पोरांच्या ग्रुपातबी गेला. कमेंटी अशा पडल्या, अशा पडल्या! नांदेडला शिकणाऱ्या सोमेश्वरनं लिहिलं, 'ही तर आमची काकू!' अन् पोरगं एवढं खूश झालं, की तिथूनच संतरामला फोन. "काका, काकू नेटवर वाचून राहिली! सगळी दुनिया बघून राहिली!"

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हेच तर.

सोमेश्वरनंच कौतुकानं कळवलं तवा संगिता तशीच कॉम्प्युटरापुढं बसली. तिनं दोन्हीकडचा फोटो काढून टाकला, पण सरांकडं व्हताच तो.

"सर, तुमीबी काढून टाका ना तो फोटो. तिच्या घरी तकलीफ होईल."

"अहो मॅडम, पहिला नंबर आलाय तुमचा! सगळ्या जिल्ह्यांत दाखवतोय आपण हा फोटो. हां, पुढचे ग्रंथपाल कोण? बोला."

बाजाराच्या दिवशी संतराम पुढं अन् शकुबाई मागं. संगिता धावत पायरीवर आली.

"मावशी, या ना जरा आत."

संतराम थांबला. दारावरच्या पाटीकडं बोट करून बायकोला म्हणला, "तुला वाचता येतं म्हणे. वाच बरं, काय लिहिलं?"

येणारे-जाणारे थांबले. शकुबाईनं वर बघितलं. तिचे ओठ हलले, संगितानं पाहिले हलताना. मग बाईनं पदर पुढं ओढला.

"मला कुठं येतंय जी? ह्या पोरीनंच पुस्तक हातात देल्लं. बोट ठेव म्हणली, फोटोपुरतं."

"खरं का गं?" संतरामनं संगिताला विचारलं.

शकुबाई खाली बघून राहिली व्हती. भाजी विकणारी पेमा मान वर करून ऐकून राहिली व्हती.

"व्हय," संगिता म्हणली. "मीच म्हणलं व्हतं तसं."

"शिकलेल्या पोरीनं असं खोटं करावं का, बाई? गरिबाच्या बायकोला नाचवता व्हय? आता हेबी लिही तिथं. सोमेश्वरला वाचू दे."

अन् लिहिलं की संगितानं. काय करती?