अळीचं बियाणं

गेल्या हिवाळ्यात वनमालाबाईंनी तेरजवळच्या एका गावात हरभऱ्यावर भाषण दिलं होतं. कीटकशास्त्राची पदवी असूनही त्यांना सोपं बोलायची हौस होती. "घाटेअळी हुशार असते," त्या म्हणाल्या होत्या, "तेच तेच औषध मारलं की ती त्याला तोंड द्यायला शिकते." टाळ्या पडल्या. घात तिथंच झाला.

यंदा त्या आल्या, तर बजरंगच्या शेतात औषधाचा डबा पोत्यात गुंडाळलेला.

"हे झाकलंय कशाला?"

"हळू बोला, मॅडम. अळ्या पिकातच हायेत. औषध कंचं, ते कळूच द्यायचं न्हाय. शेजारचा अमरसिंह तर फवारायला दरवेळी वेगळ्या बांधानं शिरतो."

"आणि मात्रा?"

"दुप्पट. औषध गेल्या सालचंच. शिकायला सवड नको. दोनदा मारलं, आज तिसऱ्यांदा."

वनमालाबाईंनी हरभऱ्याचा एक घाटा उकलला. आत अळी निवांत जेवत होती. आज पंप चालला, तर अळी खाणारे किडे तेवढे मरणार होते आणि अळी राहणार होती. हरभरा जाणार होता, तोही त्यांच्या एका शब्दापायी.

"बजरंगराव, अळी शिकत नाही. चुकलं माझं."

बजरंगनं मोबाइल काढला. बाईंचाच गेल्या वर्षीचा आवाज शेतभर घुमला. अळी हुशार असते.

"ही नैसर्गिक निवड असते हो," बाई घाईनं म्हणाल्या.

"निवडतं कोन?"

"निसर्ग."

"मग त्येचं हापिस कुठं आसतं? अर्ज करून बघतो."

बाई हताश होऊन बांधावरच्या खोपटात शिरल्या आणि त्यांनी वर पाहिलं. खोपटाच्या आढ्याला ज्वारीची पाच-सहा कणसं टांगलेली होती. खाली बजरंगची आई, सत्यभामाकाकू, भाकरीचं फडकं सोडत होत्या.

"काकू, ही कणसं कसली?"

"पेरून उरलेली. मोठी बघून बियाण्याला धरतो, बारकी खाऊन टाकतो."

"मोठं व्हायला त्यांना कोण शिकवतं?"

"कनसाला काय शिकवायचं? मोठं पेरलं की मोठंच येतंय."

"औषधानं तेच झालं. बऱ्याच अळ्या मेल्या. काही जन्मतःच दणकट होत्या, त्या उरल्या. आता शेतात आहे ती त्यांचीच पिल्लावळ."

काकूंनी भाकरी खाली ठेवली आणि लेकाकडं बघितलं. "म्हंजी दोन वर्सं तू अळीचं बियाणं धरतुयास व्हय रं?"

बजरंगनं खांद्यावरचा पंप हळूच उतरवला.

मग बाईंच्या सांगण्यावरून पाखरांना बसायला पिकात काठ्या रोवल्या आणि मोठ्या अळ्या हातानं वेचल्या. पाचव्या दिवशी बाईंनी झाडं मोजली. अळी निम्म्यावर आली होती, घाटे भरत होते, अन् काठीकाठीवर कोतवाल पक्षी बसले होते.

पारावर बाईंनी नवं भाषण दिलं. जपून, एकेक शब्द तोलून. 'शिकते' एकदाही नाही. बजरंग मोबाइल धरून पुढंच बसलेला.

शेवटी अमरसिंह उठला. "मॅडम, काठीवर बसून अळी टिपायची, हे या पाखरांना कुनी शिकवलं?"

बाईंनी तोंड उघडलं. मोबाइलकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"काकूंना विचारा," त्या म्हणाल्या.