पडद्यावरचं सुख

बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यातून लाल उजेड पाझरत होता... नख गुलाबी, त्यामागे हाडाची सावली, आणि त्याही मागे कुठेतरी ती दुखरी जागा – डाव्या बरगडीखालची, हल्ली श्वासाबरोबर जागी होणारी. आज डॉक्टरांना सांगायचंच, असं एलिश्वानं सकाळची पेज पितानाच ठरवलं होतं.

"अगं बाई! अम्मच्ची, डॉक्टरांना भेटायचंय की लग्नाला निघालात?" सिस्टर रोसिली व्हिडिओ कॉलचा पडदा जोडता जोडता हसली.

अंगात चट्टा, म्हणजे इस्त्रीचं पांढरं सैल पोलकं, खांद्यावरच्या कवणीच्या उपरण्याला सोन्याची पिन... पडद्यासमोर बसायचं तर असंच बसायचं, दुसरं तिला ठाऊकच नव्हतं. दर रविवारी कुवेतहून तिचा मुलगा साजन पडद्यावर येई, तेव्हाही ती अशीच बसे.

पूर्वी डॉक्टर ईप्पन स्वतः वृद्धाश्रमात यायचे. तेव्हा काही सांगावं लागत नसे. रबराच्या बागेतून चालत आलेला तो गार हात मनगट धरी, पोट दाबी, आणि शरीर आपणच चहाडी करी. आता त्यांना टेकडी चढवत नाही. ते कोट्टयमहून पडद्यावर येतात. तो हात तिला फार हवा होता.

पडदा उजळला. "काय अम्मच्ची, कसं काय?"

"सुखाचं आहे रे मोने, माझ्या बाळा," ती म्हणाली – साजनला म्हणते तसंच. जिभेनं तिला विचारलंसुद्धा नाही.

"कुठे दुखतं-खुपतं?"

"छे! मला काय धाड भरलीय? तू जेवलास का वेळेवर?"

डॉक्टर खळखळून हसले. पुढच्या गुरुवारी भेटू म्हणाले, आणि पडदा विझला.

सांगायचं राहिलंच... इतकी वर्षं या उजेडाला ती हेच सांगत आली होती. परमुलखातल्या पोराच्या जिवाला घोर नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाय मोडला तेव्हा सुख, घर विकून इथे आली तेव्हाही सुखच... आणि तो? तोही नीट भांग पाडून बसतो, मागे नेहमी तीच कोरी भिंत, आणि म्हणतो, सुखाचं आहे, अम्मच्ची... बाई गं! त्या भिंतीपाशी त्याला कुठे दुखत असेल? कुणी कधी दाबून पाहिलं असेल?

सिस्टर चिमटा काढायला वाकली. एलिश्वानं तिचा हात घट्ट धरला.

"काय झालं, अम्मच्ची?"

"दुखतंय," ती म्हणाली, आणि हे आपण आपल्यासाठी म्हणालो की साजनसाठी, ते तिला कळेना.