दहा नंबरची शांतता

रुपराव मेश्राम आमच्या धरमपेठेतल्या शाळेत आला तो शिक्षक म्हणून नव्हे. आम्ही कसं शिकवतो ते पाहायला आला होता. आम्ही शिकवतो, हे त्याने कुठून ऐकलं होतं कोण जाणे.

साल चौऱ्याहत्तर. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारा हा सडपातळ मुलगा भर उन्हातही शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावून यायचा. त्याची पद्धत अमेरिकेतून आलेली होती. वर्गात शेवटी बसायचं आणि दर दोन-तीन सेकंदांनी वर्गात काय चाललं आहे त्याचा आकडा मांडायचा. शिक्षक प्रश्न विचारतो, चार. व्याख्यान देतो, पाच. सूचना देतो, सहा. रागावतो, सात. मूल उत्तर देतं, आठ. वर्गात शांतता किंवा गोंधळ असेल तर दहा. शांतता आणि गोंधळ यांना एकच नंबर देणारा तो अमेरिकन कधीतरी आमच्या शाळेत येऊन गेला असावा, असा मला दाट संशय आहे.

आणि सगळ्यांच्या आधी होता तो आकडा एक. शिक्षक विद्यार्थ्याच्या मनातली भावना ओळखून तिचा स्वीकार करतो, तेव्हा लिहायचा. शहरातल्या बऱ्याच शाळा पालथ्या घातल्या तरी रुपरावच्या पेन्सिलीतून तो एक काही उतरला नव्हता.

त्याचे मार्गदर्शक गोपाळराव म्हणून होते. ते म्हणत, निरीक्षकाने खुर्चीसारखं असावं. खुर्ची वर्गात असते, पण बोलत नाही. ज्या शिक्षकाचं निरीक्षण चालू आहे त्याच्याशी शेवटचा तास संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ओळख झाली की शिक्षक वेगळं शिकवायला लागतो, आकडे बिघडतात, आणि तोवरचे सगळे तास फेकून द्यावे लागतात.

पहिला नंबर माझा लागला. मी भूगोल शिकवत असे. रुपरावने कागदभर पाच लिहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदभर पाच लिहिले, आणि माझं निरीक्षण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आमची मैत्री व्हायला कसलीच हरकत उरली नाही.

मग तो प्रेमिला गजभियेच्या वर्गात गेला आणि तिथेच राहिला.

प्रेमिला सातवीला विज्ञान शिकवायची. तिची एक तऱ्हा होती. ती प्रश्न एकदाच विचारायची आणि मग खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत थांबायची. आम्ही बाकीचे प्रश्न विचारायचो, स्वतःच उत्तर द्यायचो, आणि मुलांना समजलं म्हणून खूश व्हायचो. ती प्रश्न पुन्हा विचारायची नाही, सोपा करून द्यायची नाही, कुणाचं नावही घ्यायची नाही. दिवसा चांदण्या कुठे जातात, असं तिने एकदा विचारलं. हुशार मुलांचे हात वर आले, खाली गेले. वर्ग चुळबुळला, मग गप्प झाला. ती थांबलीच. शेवटी तुळसा नावाची मुलगी उठली, जिचा आवाज आम्हा कुणाला माहीत नव्हता. ती म्हणाली, "जात नाहीत बाई. असतात. आपल्याले दिसत नाहीत."

"बरोबर आहे. बस," प्रेमिला म्हणाली. उत्तर उशिरा आलं म्हणून तिच्या वर्गात गुण कापले जात नसत.

त्या तासाला रुपरावच्या कागदावर दहाच्या रांगाच रांगा लागल्या. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आला तो नुसता धुंद. सगळे समजतात दहा म्हणजे वाया गेलेला वेळ, तो म्हणाला. पण मुलं शिकतात ती तिथेच, आणि ही बाई ते जाणते. मी हे सिद्ध करणार. मग त्याने कप खाली ठेवला. ती थांबते तेव्हा तिची मान कशी किंचित कलते, हे त्याने मला करून दाखवलं. त्याला कुठला आकडा आहे, असं मी विचारलं. त्याला आकडा नव्हता.

दोघंही जरीपटक्याच्या बाजूला राहायची. शाळा सुटली की तिची सायकल पुढे आणि त्याची पन्नास कदम मागे. गाठली तर बोलावं लागेल आणि आकडे बिघडतील, म्हणून चढावरही तो ब्रेक दाबायचा. आमचा चपराशी नत्थू मला म्हणाला, "सर, हे साहेब बाईच्या मागं मागं काहून जाऊन राहिले? बोलत काहून नाहीत?" मी सांगितलं की ते संशोधन आहे. नत्थूने मान हलवली. त्याने लग्नाआधी असलंच संशोधन केलं होतं म्हणे, पण लवकर आटोपलं.

खरं तर आडवं येण्यासारखं काहीही नव्हतं. दोन्ही घरांनी छप्पन साली एकाच मैदानावर दीक्षा घेतलेली. पत्रिका नाही, मुहूर्त नाही, देण्याघेण्याची भाषा नाही. प्रेमिलाचे वडील धोंडबा गिरणीतून रिटायर झालेले, साधे गृहस्थ. जावई मास्तर मिळाला तर त्यांना हवाच होता. आडवी आली ती फक्त संशोधनपद्धती.

आणि प्रेमिलाला कळत नव्हतं असं नाही. तिने नत्थूला सांगून त्याची डुगडुगणारी खुर्ची बदलून घेतली. ती आता थांबायची तेव्हा दर वेळी कडुनिंबाकडेच पाहायची असंही नाही. हे मला रुपरावनेच सांगितलं, अगदी शास्त्रीय आवाजात.

मी त्याला म्हटलं, बोलून टाक. तो म्हणाला, थोडेच तास राहिले आहेत.

ते थोडेच तास वर्षअखेरीपर्यंत लांबले, कारण गोपाळरावांना दर वेळी आणखी थोडे हवे असत. शेवटी दोन उरले, सोमवारचा आणि मंगळवारचा. त्याच्या आधीच्या शनिवारी तास संपला, मुलं मैदानावर पळाली, आणि प्रेमिला फळा पुसायची थांबून सरळ शेवटच्या रांगेकडे वळली. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची. आता मात्र घरातलं बोलली.

"मेश्राम सर, रामटेकचं स्थळ आलं आहे मले. उद्या पाहुणे येऊन राहिले. मी बाबाले काय सांगू?"

आणि ती खिडकीकडे वळून थांबली.

रुपराव गप्प बसला. त्याचं म्हणणं असं की त्या वेळी त्याला सगळं एकदम दिसलं. बोललो तर तिचे सगळे तास जातील, आणि त्या तासांवाचून तिची ती शांतता कुणालाच पटणार नाही. रविवार मधे आहे हेही त्याला दिसलं. पण त्याने वर्षभर पाहिलं होतं की ती थांबते. ज्याला वेळ लागतो त्याच्यासाठी ती थांबते. मंगळवारपर्यंत थांबेल.

ती पुष्कळ थांबली. तुळसासाठी थांबली होती त्याहून जास्त, असं दाराशी उभा असलेला नत्थू सांगतो. बाहेर पुढच्या वर्गातली मुलं गोळा झाली, ढकलाढकली करू लागली. मग तिने डस्टर उचललं, उरलेला फळा पुसला आणि बाहेर गेली. एकदा विचारलेला प्रश्न ती पुन्हा विचारत नसे.

मंगळवारी शेवटचा तास संपल्यावर रुपराव उठून तिच्याकडे गेला. तो काही म्हणण्याआधी तिने शिक्षकखोलीत वाटायला आणलेले पेढे त्याच्यापुढे धरले. त्याने घेतला. त्याबद्दलही मी त्याला माफ केलेलं नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं, तिला रामटेकच्या शाळेत नोकरी मिळाली. रुपरावचा प्रबंध मंजूर झाला. शांततेवरच्या प्रकरणाचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. तो अध्यापक महाविद्यालयात लागला आणि नव्या शिक्षकांना शिकवू लागला की प्रश्न विचारल्यावर थांबा. त्याला लग्नाचं विचारलं की काही आकडेमोड बाकी आहे, म्हणायचा. घरच्यांना वाटायचं नोकरीतली असेल.

पंच्याऐंशी साली तो विद्यार्थी-शिक्षकांचे पाठ तपासायला रामटेकला गेला. शाळा कोणती ते त्याला आधी माहीत होतं. पाठ संपला, पाठ देणारा मुलगा आपले तक्ते गुंडाळून घाम पुसत बाहेर गेला, मुलं जेवायला पळाली. वर्ग प्रेमिलाचा होता. तिच्या कानांजवळ पांढरे केस आले होते. ती फळा पुसत होती. रुपराव शेवटच्या बाकावरच बसलेला होता.

मग तो उठून उभा राहिला. विद्यार्थी उभा राहतो तसा, बाकाला हात टेकून.

"नाही म्हणा," तो म्हणाला. "बाबाले नाही म्हणून सांगा, असं म्हणाचं होतं मले."

तिने कसलं उत्तर म्हणून विचारलं नाही. डस्टर टेबलावर ठेवलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग खिडकीबाहेर पाहिलं. तिथे कडुनिंब नव्हता, पिवळी झालेली धानाची शेतं होती. मान तशीच किंचित कलली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बसा."

तो बसला. तिने डबा उघडला, अर्धी पोळी त्याला दिली. मुलं किती, कोणत्या वर्गात, हे बोलणं झालं. चारच्या बसने तो परत आला आणि बसस्टँडवरून सरळ माझ्याकडे.

आम्ही दोघंही आता रिटायर झालो. तो अजून संध्याकाळी येतो, आणि चहा झाला की त्याच मुद्द्यावर येतो. 'बरोबर आहे' याला दोन नंबर, शिक्षक प्रशंसा करतो. 'बसा' याला सहा, सूचना. याबद्दल त्याला शंका नाही. अडतं ते मधल्या वेळेवर. पद्धतीप्रमाणे तिथे दहा लिहायला हवेत.

"मले ते एक वाटतात गा," तो म्हणतो.

मी भूगोलाचा माणूस. मला विचारून काय उपयोग? पण तो विचारतो आणि थांबतो, म्हणून मीही अंगणातल्या झाडाकडे पाहत बसतो.