अर्धं उकळलेलं वेखंड

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी क्रांतीनं मला सहाणेवर धरलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

मी वेखंडाचं कांड. कोडोलीत ओढ्याकाठच्या चिखलात वाढलेलं. तानाबाईंनी मला उपटलं, वाळवलं आणि नातवाच्या गुटीसाठी डब्यात ठेवलं. त्यांची रीत ठरलेली. वेखंड आधी खळाखळा उकळायचं, ते पाणी उकिरड्यावर ओतायचं, पुन्हा वाळवायचं, मगच उगाळायचं. माझा अर्धा तुकडा त्यांनी तसा उकळून ठेवला होता.

सुनेला, म्हणजे क्रांतीला, ते पटेना. पालेभाजी उकळलेलं पाणी फेकू नये, सत्त्व जातं, असं ती शाळेत शिकली होती. आणि पाच महिन्यांच्या ऋतुराजचं वजन काही वाढत नव्हतं. लेकराला सत्त्व मिळावं म्हणून तिनं माझा कच्चा तुकडा उगाळला. वर चार वळसे जादा.

अर्ध्या तासात पोर ओकलं. मान टाकून असं झोपलं की हाका मारून डोळे उघडेना.

"आत्ती, ह्यो बघतच न्हाय की!" क्रांती किंचाळली. सहाणेवर पडल्या पडल्या मी ते ऐकलं. मी? मी केलं हे?

दवाखान्यात दोन दिवस काढून पोर हसत घरी आलं. पण प्रेरणाला चैन पडेना. ती क्रांतीची नणंद, कोल्हापुरात औषधांचं शिकते. माझे दोन्ही तुकडे तिनं कॉलेजात नेले. कुटले, अर्क काढला आणि दोन थेंब एका पांढऱ्या पट्टीवर शेजारी शेजारी टेकवले. पट्टी एका रसायनात उभी केली, तसा अर्कातला एकेक घटक वेगळा होऊन वर चढला; मग ती खास दिव्याखाली धरली. कच्च्यातल्या जहराचा डाग गडद, उकळलेल्यातला फिका. माझ्याच अंगातलं जहर, आणि मलाच पत्ता नाही!

घरी तिनं मोबाईलवर फोटो दाखवला.

"बघ! मी काय येडी हुते व्हय पाणी वतायला?" तानाबाई सुनेवर कडाडल्या. प्रेरणानं तिला थांबवलं.

"आई, डाग फिका झालाय. गेलेला न्हाय."

तानाबाईंनी लेकीकडं पाहिलं. "मग तुला बी ह्येच पाजलं की गं मी."

आता मी कॉलेजच्या कपाटात, बाटलीत आहे. अंगावर चिठ्ठी चिकटवलीय. बायांनो, कच्चं असो की उकळलेलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला बाळाच्या ओठाला लावू नका. गल्लीत कुणी बाळंतीण असेल तर आजच जाऊन सांगा. आणि तिच्या सासूला बसवून, नीट, न रागावता सांगा.