आलं की पीठ

ह्यांच्या आतड्याच्या कर्करोगावर केमो सुरू झाली आणि मळमळीने अन्न पोटात ठरेना. वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच दवाखान्यात एक अभ्यास चालला होता. केमोच्या जोडीला काहींना आल्याच्या अर्काची कॅप्सूल, काहींना नुसत्या पिठाची. कोणाला कुठली, ते सिस्टरलाही ठाऊक नाही, आणि ज्याला कळेल त्याचं नाव कमी, कॅप्सूलही बंद. हे हौसेने सामील झाले. दोन आठवड्यांत चार घास जाऊ लागले.

जरा बरं वाटलं तसा ह्यांचा चौकसपणा जागा झाला. तीस वर्षं चहाच्या कंपनीत चव पारखण्याचं काम केलेलं. एका घोटात पान कुठल्या मळ्यातलं ते सांगायचे. स्वतःच्या पोटात काय जातंय ते सांगता येऊ नये, हे काही त्यांना सोसेना.

एका सकाळी मी जपाला बसणार, तोच हे बशी घेऊन आले. कॅप्सूल फोडून पूड ओतली होती. आधी स्वतः चाखून झालं होतं, पण केमोपासून जिभेला सगळंच पत्र्यासारखं लागतं.

"तुझा जप व्हायचाय, म्हणजे जीभ कोरी आहे," ते म्हणाले. "तूच सांग."

जप होईपर्यंत मी तोंडात काही घालत नाही. तसं म्हटल्यावर त्यांनी बशी माझ्या नाकाशी आणली.

कळावंसं मलाही फार वाटत होतं हो. पण पीठ निघालं तर उद्यापासून घास परत फिरेल, अशी धास्ती वाटली. मी पदर नाकाशी दाबला, श्वास रोखला, मान वळवली आणि बशी नळाखाली धरली.

"इतक्या वर्षांत एकदा मदत मागितली," ते पुटपुटले.

तपासणीच्या दिवशी मी सिस्टरला सगळं सांगून टाकलं. हे भिंतीकडे बघत बसले. सिस्टरने आधी त्यांना विचारलं, मग मला.

"तुम्हाला काय कळलं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कागदावर 'एक कॅप्सूल वाया' असं लिहिलं आणि नवी बाटली ह्यांच्या हातात दिली.

पायऱ्या उतरताना हे हळूच म्हणाले, "खरं सांग. नाकात जरासुद्धा गेलं नाही?"

"जरासुद्धा नाही," मी म्हणाले. "जपातसुद्धा तेच मनात येतंय, आलं की पीठ."