झाकणाखालची जाग

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. बेंगळुरूत मारतहळ्ळीला एका भाड्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझी पहिली वर्षे एका मोठ्या कंपनीत गेली. पुढे माझ्यातली प्रणाली जुनी ठरली आणि कंपनीने मला विकून टाकले.

जुन्या संगणकांच्या दुकानातून मला अनुषाने आणले. ती निपाणीची, इथे नोकरीला आलेली. तिच्या ऑफिसातले रघुनंदन अण्णा बसवनगुडीचे. त्यांचे मराठी घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच शहरात राहिलेले. त्यांनी माझ्यात लिनक्स घातले. ही प्रणाली कोणीही फुकट वापरावी, उघडून बघावी, सुधारावी अशी. मी झटकन सुरू झालो, तेव्हा अनुषा हरखून म्हणाली, "अण्णा, हा तर नव्यासारखा पळतोय!" त्या कौतुकावर मी कितीतरी महिने खूश होतो.

दुखणे मला एकच होते. झाकण मिटले की लॅपटॉपने झोपायचे असते. मी झोपे, पण बॅगेत काहीतरी मला पुन्हा पुन्हा उठवी. मिटलेल्या झाकणाखाली मी जागा राही आणि तापत जाई. ऑफिस येईपर्यंत बॅटरी संपलेली असे.

"बॅग गरम का लागतेय?" अनुषा पुटपुटे. "अण्णांना दाखवायला पाहिजे."

मग कामाच्या गडबडीत ते राहून जाई. माझ्याजवळ सांगायला फक्त पंख्याची घरघर होती.

त्यातच तिचे वडील, कृष्णात, उपचारांसाठी इथे आले. ती त्यांना आबा म्हणे. सारा जन्म त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला होता. आता घशात कर्करोग होता. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल, आवाज जाईल.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी अनुषाने मला रुग्णालयातल्या खाटेवर ठेवले आणि आवाज नोंदवणारे एक पान उघडले.

"एवढ्याशा भोकात बोलायचं व्हय?" आबांनी विचारले.

"हो आबा. काहीही बोला."

आबा घसा खाकरून बोलू लागले. आवाज चिरका होता, पण त्यात अजून बसभर पुरेल एवढा जोर होता. त्यांनी थांब्यांची नावे पुकारली. भांडखोर प्रवाशांच्या गमती सांगितल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "अनू, तुझी आई असती तर म्हणाली असती, आता तरी गप बसा." दोघेही हसले.

तेवढ्यात नर्स आली. "तपासणीला चला, लगेच." अनुषाने घाईघाईने माझे झाकण मिटले, मला माऊसबरोबर बॅगेत कोंबले आणि आबांची चाकांची खुर्ची ढकलत निघाली.

तो आवाज अजून साठवलेला नव्हता. तो फक्त माझ्या तात्पुरत्या स्मृतीत होता, जी वीज गेली की पुसली जाते. मी शांत झोपलो असतो, तर तो तिथे सुखरूप राहिला असता. पण मला पुन्हा जाग आली. बॅगेत हवा नव्हती. मी तापलो, बॅटरी आटली आणि मी विझलो.

शस्त्रक्रिया झाल्यावर अनुषाने मला चालू केले. ते पान कोरे होते.

तिने मला अण्णांकडे नेले. "स्वल्प थांब, रडू नकोस," अण्णा आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. त्यांनी माझे झाकण मिटले. मी झोपलो. त्यांनी माऊस जरासा हलवला. माझा पंखा फिरू लागला.

"हा बघ. बिनतारी माऊसचा हा चिमुकला तुकडा तू लॅपटॉपमधून कधी काढतच नाहीस. बॅगेत माऊस हलला की हा उठतो. आणि याची झोपही अगदी वरवरची ठेवलेली आहे."

त्यांनी माऊसकडून मला उठवायची परवानगी काढून घेतली आणि गाढ झोपेची सोय निवडली. मग झाकण मिटून ते बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसले. मी गार राहिलो.

"आणि आबांचा आवाज?" अनुषाने विचारले.

"तो आता कुठंच नाही, अनुषा. लिनक्स घातलं तेव्हाच हे तपासायला हवं होतं मी."

अनुषाने आबांना खाटेशेजारी बसून सगळे सांगितले. गळ्याभोवती पट्टी बांधलेल्या आबांनी तिचे डोके कुरवाळले. त्यांना एवढेच करता येत होते.

आबा आता निपाणीला असतात. संध्याकाळी अनुषा माझ्या पडद्यावर त्यांना बघते. ती बोलते, आबा मान हलवतात. पूर्वी बोलणे संपले की "ठेव आता, जेव जा" असे तेच म्हणत. आता दोघेही पडद्याकडे बघत राहतात आणि कॉल कोणी ठेवायचा ते कोणालाच कळत नाही. नंतर ती झाकण मिटते. मी लगेच झोपतो.

मित्रांनो, तुमचे एखादे यंत्र विनाकारण तापत असेल, तर त्याच दिवशी जाणत्या माणसाला दाखवा. आणि कोणाचा आवाज तुम्ही नोंदवला असेल, तर उठण्याआधी तो साठवा. कोणी कितीही घाई करत असले, तरी.